आगगाडी आली, पायी वारी राहिली

विज्ञान वाढले की धर्मश्रद्धा ओसरेल, हे भाकीत शंभर वर्षांपेक्षा जुने आहे. जर्मन समाजशास्त्रज्ञ मॅक्स वेबर यांनी १९१७ साली म्युनिकमधील एका व्याख्यानात आधुनिक जगावरचा गूढाचा अंमल उठत चालल्याचे मांडले. मनात आणले तर कोणतीही गोष्ट हिशेबाने उलगडता येते, असे मानणाऱ्या समाजाला अदृश्य शक्तींची आळवणी करावी लागत नाही, असा त्यांचा रोख होता. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पीटर बर्गर १९६८ मध्ये त्याहून पुढे गेले. एकविसाव्या शतकात श्रद्धाळू माणसे छोट्या छोट्या पंथांपुरतीच उरतील, असे त्यांनी सांगून टाकले. पुढे १९९९ मध्ये हे भाकीत फसल्याची कबुली त्यांनी स्वतःच दिली. विद्वानांच्या जगात अशी कबुली दुर्मीळच.

आकडे मात्र दोन्ही बाजूंनी साक्ष देतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या जनगणनेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण प्रथमच निम्म्याखाली, ४६.२ टक्क्यांवर आले आणि ३७.२ टक्के लोकांनी आपला कोणताच धर्म नसल्याचे नोंदवले. त्याच वर्षी अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने भारताविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. सुमारे ३०,००० प्रौढांच्या मुलाखती घेऊन केलेल्या त्या पाहणीत ९७ टक्के लोकांनी देवावर विश्वास असल्याचे सांगितले. मोबाइल, रेल्वे, दवाखाने आणि संगणक दोन्हीकडे आहेत. तेव्हा श्रद्धेचा चढ-उतार एकट्या यंत्रांच्या खात्यावर टाकता येत नाही.

नवे यंत्र आले की श्रद्धेतील नेमके काय गळते आणि काय टिकते, हे पाहायचे तर एखादी जुनी, चालती परंपरा घ्यावी लागते. पंढरपूरची वारी त्यासाठी सोयीची आहे. गेल्या दोनशे वर्षांत छापखाना, आगगाडी, सिनेमा, दूरदर्शन आणि मोबाइल या सगळ्यांशी तिची गाठ पडली आणि त्यातल्या बऱ्याच भेटींच्या नोंदी उपलब्ध आहेत.

आषाढी एकादशीसाठी ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून आणि तुकाराम महाराजांची देहूहून निघते. आळंदीची पालखी पुणे, सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस अशा वाटेने सुमारे २५० किलोमीटर चालून तीन आठवड्यांच्या आत पंढरपुरात पोहोचते. तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखीची प्रथा घातली. ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी असलेले साताऱ्याकडील हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आळंदीच्या सोहळ्याला आजची शिस्त लावली. दिंड्यांचे क्रमांक, भजनाचा क्रम, मुक्काम, रिंगण हे सारे त्या व्यवस्थेचे भाग आहेत. म्हणजे वारी प्राचीन असली तरी तिचे आजचे रूप आणि महाराष्ट्रातला छापखाना जवळजवळ एकाच काळातले.

मुंबईत गणपत कृष्णाजी यांच्या छापखान्यातून १८३१ मध्ये मराठी पंचांग छापून बाहेर पडले. त्या काळी कर्मठ मंडळींना छापील धर्मग्रंथ चालत नसे. शाईत चरबी असते, तेव्हा छापलेली पोथी सोवळ्यात शिवायची कशी, हा त्यांचा प्रश्न होता. त्यावर तोड म्हणून धार्मिक पुस्तकांसाठी तूप घातलेली शाई वापरली गेली, असे सांगतात. तुपाच्या शाईने वाद मिटला आणि पोथ्या घरोघर गेल्या. बाळशास्त्री जांभेकर यांनी संपादित केलेली ज्ञानेश्वरी १८४५ मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली. तुकारामांच्या गाथेची चिकित्सक आवृत्ती मुंबई सरकारने दिलेल्या अनुदानातून १८६९ आणि १८७३ अशी दोन खंडांत, इंदुप्रकाश छापखान्यातून निघाली. विष्णु परशुराम शास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित हे तिचे संपादक.

या छपाईचा परिणाम भक्तीवर खोलवर झाला. हस्तलिखित पोथी एका फडावर, एका घराण्यात असे. ती ऐकायची तर कीर्तनकाराच्या तोंडून. छापील प्रती स्वस्त झाल्यावर गावच्या मंदिरात शेपन्नास माणसे मांडी घालून, समोर आपापली ज्ञानेश्वरी ठेवून, एका सुरात सुमारे नऊ हजार ओव्या सात दिवसांत वाचू लागली. आज गावोगाव होणारे हे सामुदायिक पारायण पुरातन वाटते, पण छापखान्याशिवाय ते या प्रमाणावर शक्यच नव्हते. जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढली, तीही छापील ग्रंथ हाती असल्यामुळे चालू शकली. यंत्राने इथे श्रद्धा पुसली नाही. तिची मक्तेदारी तेवढी मोडली, आणि ते बरेच झाले.

आगगाडीची कसोटी अधिक कठीण होती, कारण तिने वारीच्या मुळावरच, म्हणजे चालण्यावरच घाव घातला. बार्शी लाइट रेल्वे ही अडीच फुटी अरुंद मार्गाची गाडी १९०६ मध्ये कुर्डुवाडीहून पंढरपूरला येऊन पोहोचली आणि १९२७ मध्ये मिरजेपर्यंत गेली. जिथे पोहोचायला आठवडे लागत, तिथे आता दिवसाभरात जाता येऊ लागले. पायी वारीची गरज संपली. पंढरपूरला जाण्याचा हेतू केवळ मूर्तीचे दर्शन घेणे एवढाच असता, तर पुढच्या पन्नास वर्षांत पालख्या इतिहासजमा व्हायला हव्या होत्या.

झाले वेगळेच. गाडीने येणाऱ्यांची यात्रा वाढली आणि पायी येणाऱ्यांची वारीही वाढली. आगगाडी येण्यापूर्वी गरीब माणूस चालत जाई, कारण दुसरा मार्ग नव्हता. आगगाडी आल्यावर चालणे ही निवड झाली. तिकिटाचे पैसे खिशात असताना चिखलातून चालणाऱ्या माणसाचे चालणे हेच त्याचे व्रत ठरले. एखादी गोष्ट सोयीसाठी केली जाते की श्रद्धेपोटी, हे सोय उपलब्ध झाल्यावरच कळते. या अर्थाने पायी वारीचा खरा अर्थ आगगाडीने उघड केला.

आगगाडीबरोबर सरकारी आरोग्यखातेही आले. एकोणिसाव्या शतकात पंढरपूरची यात्रा आणि पटकी (कॉलरा) यांची जोडी बदनाम होती. यात्रेकरू चंद्रभागेचे दूषित पाणी पीत आणि रोग घेऊन गावी परतत. साथ आली की रोगराईची देवी मरीआई हिचा गाडा गावाच्या वेशीबाहेर ओढत नेऊन सोडण्याची रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. नळाचे पाणी, लस आणि पुढे प्रतिजैविके आली आणि पटकीची दहशत गेली. देवीच्या रोगाचेही तेच. भारतातील शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला आणि १९७७ मध्ये देश देवीमुक्त जाहीर झाला. मरीआईची देवळे मात्र अजून उभी आहेत, आषाढात तिथे नैवेद्यही जातो. पण पोराला जुलाब लागले तर आई त्याला आधी दवाखान्यात नेते. रोग, पाऊस, ग्रहण, भूकंप हा मुलूख श्रद्धेच्या हातून गेला आहे आणि तो परत मिळण्याची चिन्हे नाहीत.

जिथे श्रद्धा तपासता येण्यासारखा दावा करते, तिथे तपासणी झालीच पाहिजे. महाराष्ट्रात ती झालीही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये फलज्योतिषाची चाचणी घेतली. अतिशय हुशार अशा १०० मुलांच्या आणि मतिमंद अशा १०० मुलांच्या कुंडल्या जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाकडे त्यांतल्या ४० पाठवून कोणती कुंडली कोणत्या गटातली, एवढेच ओळखायला सांगितले. ज्यांनी उत्तरे पाठवली त्या २७ ज्योतिषांची सरासरी सुमारे ४६ टक्के आली. नाणे उडवून ठरवले असते तर ५० टक्क्यांच्या आसपास उत्तरे बरोबर आली असती. या निष्कर्षानंतर ज्योतिषांचा धंदा बसला नाही हे खरे, पण दावा कुठे उभा आहे ते कागदावर आले.

श्रद्धा आणि अंधश्रद्धा यांतला फरक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांनी आयुष्यभर समजावून सांगितला. देवाधर्माला विरोध करणे हे त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे काम नव्हते. शोषण करणारी अंधश्रद्धा मोडणे हे होते. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. यात्रा, प्रदक्षिणा, हरिपाठ, कीर्तन, प्रवचन, भजन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच नमूद आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे, नरबळी देणे, चमत्काराच्या नावावर लुबाडणे हे गुन्हे ठरले. वारीला कुणी हात लावला नाही, कारण तिचा असा कोणताच दावा नाही. पंढरपूरला चालत गेल्याने कर्ज फिटते किंवा पाऊस पडतो, असे जाणता वारकरी म्हणत नाही.

सिनेमा आणि दूरदर्शन यांनी श्रद्धेला घरबसल्या डोळे दिले. प्रभातचा ‘संत तुकाराम’ १९३६ मध्ये आला, दुसऱ्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि विष्णुपंत पागनीस यांचा चेहरा अनेक पिढ्यांसाठी तुकोबांचा चेहरा झाला. १९८७-८८ मध्ये दूरदर्शनवर ‘रामायण’ लागले तेव्हा रविवारी सकाळी रस्ते ओस पडत आणि टीव्हीला हार घातले जात. कॅसेटने भजन ट्रकमध्ये आणि चहाच्या टपरीवर नेले. संत गाडगेबाबांचे शेवटच्या दिवसांतले एक कीर्तन ध्वनिमुद्रित आहे, म्हणून तो आवाज आज ऐकता तरी येतो.

सध्याच्या वारीत तंत्रज्ञान ठायी ठायी दिसते. पालखी कुठवर आली ते मोबाइलवर कळते, ड्रोन गर्दीवर नजर ठेवतात, फिरती शौचालये आणि पाण्याचे टँकर दिंड्यांच्या मागेपुढे असतात. दोन्ही पालखी मार्गांच्या रुंदीकरणाची पायाभरणी २०२१ मध्ये झाली आणि पायी चालणाऱ्यांसाठी कडेने स्वतंत्र वाट हा त्या आराखड्याचाच भाग आहे. विठ्ठलमूर्तीची झीज थांबवण्यासाठी पुरातत्त्व खात्याच्या तज्ज्ञांनी तिच्यावर रासायनिक लेप दिला आहे. चरबीच्या शाईने बिथरणाऱ्या समाजाने देवाच्या अंगावर रसायन स्वीकारले, हा दीडशे वर्षांतला बदल लहान नाही.

तरीही वारीचा कणा यंत्रावर उभा नाही. संध्याकाळची समाजआरती पाहिली की हे लक्षात येते. पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार हातातला दंड उंच करतो आणि क्षणात हजारो टाळ थांबतात. एखाद्या दिंडीचे टाळ तेवढे वाजत राहिले, तर त्या दिंडीची काही तक्रार आहे असे समजायचे. वाटेत कुणी क्रम मोडला असेल, पाणी मिळाले नसेल, कुणाशी कुरबूर झाली असेल. चोपदार तिकडे जातो, गाऱ्हाणे ऐकतो आणि निवाडा झाला की ते टाळही थांबतात. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची पुकार होते, उद्या निघण्याची वेळ सांगितली जाते, आणि आरती होते. लाखांच्या जमावातले गाऱ्हाणे कुणालाही न दुखवता, सर्वांसमक्ष ऐकून घेण्याची ही रीत मोबाइल यायच्या कितीतरी आधीची आहे. तिच्यामागे सक्ती नाही, शिक्षा नाही. चोपदाराचा दंड मानायचा, एवढी समजूत सगळ्यांनी बाळगलेली असते. श्रद्धेचे समाजातले काम काय, याचे इतके स्पष्ट उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

करोनाच्या दोन वर्षांत उलटा प्रयोग आपोआप घडला. २०२० आणि २०२१ मध्ये पायी वारी झाली नाही. मानाच्या पालख्यांच्या पादुका फुलांनी सजवलेल्या एसटी बसमधून, मोजक्या माणसांसह पंढरपूरला गेल्या. महापूजा सर्वांना घरी टीव्हीवर दिसली. दर्शनाची सोय म्हणून पाहिले तर याहून सोपी वारी कधीच झाली नव्हती. पण ‘यंदा वारी चुकली’ असेच वारकरी म्हणत राहिले. २०२२ मध्ये बंदी उठताच दिंड्या पुन्हा रस्त्याला लागल्या. पडद्यावरचे दर्शन आजारी, म्हाताऱ्या आणि परदेशातल्या माणसाला दिलासा देते. मात्र त्याने वारीची जागा घेतली नाही.

याचा अर्थ श्रद्धेच्या खात्यात सगळे जमाच आहे, असा नाही. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी आळंदीच्या पालखीबरोबर चालून लिहिलेल्या लेखात वारीचे सौंदर्य जितके आले, तितकेच तिच्यातले जातीचे कप्पेही आले. दिवसभर एकत्र चालणारे जेवायला मात्र जातीप्रमाणे वेगळे बसत, हे त्यांना टोचले. ज्या विठ्ठलापुढे चोखोबांनी टाहो फोडला, त्याच्या मंदिरात दलितांना प्रवेश मिळण्यासाठी साने गुरुजींना मे १९४७ मध्ये पंढरपुरात दहा दिवस उपोषण करावे लागले. आगगाडीच्या डब्यात मांडीला मांडी लावून बसणाऱ्यांना देवळाच्या उंबरठ्यावर वेगळे व्हावे लागत होते. या एका मुद्द्यावर यंत्र श्रद्धेच्या पुढे होते, हे मान्य करायला हवे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर धर्मालाच कसोटी लावली. १९५० मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी, धर्म टिकायचा असेल तर त्याचे विज्ञानाशी जमले पाहिजे आणि त्याने स्वातंत्र्य, समता, बंधुता मान्य केली पाहिजे, अशी अट घातली. त्या अटीत बसणारा धर्म म्हणून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात त्यांनी लाखो अनुयायांसह बौद्ध धम्म स्वीकारला. धर्म सोडून द्या असे न म्हणता धर्म पारखून घ्या असे म्हणणारा हा विचार मराठी मुलुखात घडला आणि लाखोंच्या जगण्यात उतरला. आधुनिक युगात श्रद्धेचे काय, या प्रश्नाला विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राने दिलेले हे सर्वांत धीट उत्तर होय.

आजचा धोका श्रद्धा संपण्याचा नाही, ती स्वस्त होण्याचा आहे. पैसे भरून लवकर दर्शन, मिरवणुकीत छाती हादरवणारा डीजे, व्हॉट्सअॅपवरून दहा जणांना पाठवायचा चमत्काराचा निरोप, गाभाऱ्यासमोर पाठमोरे उभे राहून काढलेला सेल्फी हे सगळे तंत्रज्ञानाने सोपे केले. त्यात व्रताचा भाग शून्य. २०२३ च्या सुमारास गीतेच्या नावाने प्रश्नोत्तरे करणारे संगणकी संवादक निघाले. त्यांतल्या काहींनी धर्मासाठी हत्या करणे चालेल अशा अर्थाची उत्तरे दिल्याच्या बातम्या आल्या. यंत्राने शब्द जुळवले होते, त्यांची जबाबदारी घेणारे कुणी नव्हते. वारकरी संप्रदायात तुळशीची माळ घालताना मांसाहार सोडणे, एकादशी करणे, हरिपाठ म्हणणे, वारी न चुकवणे असे नेम पत्करावे लागतात, आणि माळ घालणाऱ्या महाराजांचे व गावातल्या चार माणसांचे लक्ष त्या नेमांवर असते. ॲपला असे लक्ष ठेवता येत नाही. ते आठवण करून देईल, पण नेम मोडल्याची खंत त्याला वाटणार नाही आणि वाटून घेताही येणार नाही.

पंढरपूरच्या दाखल्यावरून निवाडा करायचा तर असा करावा लागेल. रोग बरा करणे, भविष्य सांगणे, निसर्ग समजावणे ही कामे श्रद्धेने विज्ञानाकडे सोपवावीत. बहुतेक ठिकाणी ती सोपवली गेलीही आहेत, आणि त्यात श्रद्धेचे काही बिघडलेले नाही. माणसांना एका नेमात बांधणे, दुःखात सोबत देणे आणि अनोळखी माणसाच्या पायांना हात लावायला लावणे ही कामे अजून तिच्याकडेच आहेत, कारण ती करणारे दुसरे साधन कुणी बनवलेले नाही. ती कामे करताना श्रद्धा जात पाहत असेल, पैसा पाहत असेल, किंवा तपासणीला नकार देत असेल, तर त्याचा जाब तिला मागायचा तो भाविकांनीच.